सिंहगर्जना, गुडघे टेकलेला नवरा आणि सिनेमानं काढून टाकलेला जिना

‘द लायन रोअर्स’ (2002) हा हाँगकाँगचा सिनेमा बहुतेकांना एकाच प्रसंगासाठी आठवतो. नायिका सेसिलिया च्युंग नवऱ्यासमोर उभी राहून अटी सांगते: प्रेम फक्त माझ्यावर, फसवायचं नाही, दिलेला शब्द पाळायचा, कोणी मला त्रास दिला तर सगळ्यात आधी धावून यायचं. चीनमध्ये हे पोरीबाळींना तोंडपाठ होतं. प्रसंग सुंदर आहे, वाद नाही. पण ज्या कँटनीज ऑपेरावरून (दक्षिण चीन आणि हाँगकाँगमधल्या कँटनीज भाषेतल्या संगीतनाटकावरून) ही गोष्ट आली, त्याचा कणा त्या प्रसंगात नाहीच. दिग्दर्शक जो मा यांनी तो कणा बाजूला ठेवला. त्यामुळे पूर्वार्ध फुलला आणि उत्तरार्ध लटपटला, असं माझं मत.

मूळ थट्टा सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वीची. कवी सू डोंगपो 1080 मध्ये हद्दपार होऊन ह्वांगचौला (आजच्या हूबेई प्रांतात) आला. जवळच त्याचा मित्र छन जीछांग राहायचा. या मित्रावर सूने चार ओळी लिहिल्या: बिचारा रात्र रात्र जागून शून्य आणि अस्तित्व यांवर बोलत बसतो, आणि हतोंगच्या सिंहिणीची डरकाळी ऐकली की हातातली काठी गळून पडते. हतोंग हे बायकोच्या लिउ घराण्याचं मूळ ठिकाण. बुद्धाच्या उपदेशालाही सिंहनाद म्हणतात, म्हणून बौद्ध चर्चेत रमलेल्या नवऱ्याला बसलेला टोला दुहेरी. गंमत म्हणजे याच सूने लिहिलेल्या छनच्या चरित्रात घर रिकामं, पण बायकापोरं आणि नोकरचाकर सगळे समाधानी दिसतात. कजाग बायको उभी राहिली ती या चार ओळींवर. मिंग काळात (चौदावं ते सतरावं शतक) वांग तिंगनने तिचं अख्खं नाटक केलं आणि विसाव्या शतकात हाँगकाँगच्या टाँग टिक-सांगने ते कँटनीज रंगभूमीवर आणलं.

नाटकाची खरी करामत अशी: बायकोच्या अरेरावीचा निवाडा करायला जो जो बसतो, तो तो स्वतःच्या बायकोला टरकून असतो. मिंग नाटकात दंडाधिकारी लिउबाईला दम भरायला जातो, तर आतून त्याचीच बायको बाहेर येते. मग प्रकरण ग्रामदेवतेकडे जातं, तर त्या देवाची बायकोच देवाला धरते. कँटनीज रूपात फिर्याद पार दरबारापर्यंत चढते. पायरी वर गेली की हशाही वर जातो, कारण प्रेक्षकाला पुढचं ठाऊक असतं आणि तो फक्त वाट बघत असतो. हा जिना आहे. लिउबाई वाईट की चांगली हा प्रश्नच तो पुसून टाकतो. सगळी पुरुष-सत्ताच एका रांगेत गुडघ्यावर येते.

सिनेमानं जिना काढला आणि जोडपं ठेवलं. छनच्या भूमिकेत लुई कू, बायकोच्या भूमिकेत च्युंग, मध्ये राजघराण्यातली मुलगी (फान बिंगबिंग). म्हणजे प्रेमाचा त्रिकोण. पण त्रिकोणात बायकोला प्रेक्षकाची सहानुभूती हवी, आणि सहानुभूती हवी तर तिला रडवायला हवं. म्हणून पूर्वार्धात डरकाळ्या फोडणारी बाई उत्तरार्धात डोळे पुसत बसते. जिना ठेवला असता तर रडवायची गरजच पडली नसती.

आता रंगमंचावर हे कसं चालतं ते बघा, म्हणजे पडद्यावर काय निसटतं ते कळेल. सगळ्यात गाजलेला प्रवेश तळ्याकाठचा. क्वुनछ्यू या जुन्या चिनी ऑपेराच्या शैलीत तो आजही स्वतंत्रपणे करतात. नवरा शिक्षा म्हणून तळ्याकाठी गुडघ्यावर. बेडूक ओरडायला लागतात. तो घाबरून बेडकांना विनवतो: बाबांनो, गप्प बसा, नाहीतर आत तिला वाटेल मीच शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गाऱ्हाणं करतोय. तेवढ्यात सू डोंगपो येतो, मित्राची दशा पाहतो, वहिनींना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला जातो आणि वादात सपशेल हरतो. मंचावर तळं नसतं. नटाची नजर, गुडघ्यांवरची चाल आणि वाद्यांचे ठोके यांतून ते तयार होतं. कॅमेऱ्यासमोर खरं तळं ठेवलं की निम्मा विनोद पाण्यात. उरलेला निम्मा जातो जवळून घेतलेल्या चौकटीत (क्लोज-अपमध्ये). गुडघ्यावरचा नवरा आणि दारातली बायको एकाच चौकटीत दिसलेच पाहिजेत, कारण हसू त्या दोघांमधल्या अंतरात आहे.

दुसरी अडचण तालाची. कँटनीज ऑपेरात पुढे गाओहू (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वाजत असली तरी सूत्रं तालवाल्याच्या हातात. धावत प्रवेश करायचा तर एक ठरलेला ठोक, चपापायचं तर दुसरा. विनोदी पात्रांचं हुकमी हत्यार म्हणजे पाक-लाम: बाकी सगळी वाद्यं बंद, फक्त लाकडी ठोकळ्याची टकटक आणि तिच्यावर यमकात धडाधड म्हटलेला संवाद. सिनेमात नैसर्गिक बोलणं हवं म्हणून हे जातं आणि जागा भरायला पडापडी, आरडाओरडा येतो. ‘द लायन रोअर्स’मध्ये तो भरपूर आहे.

गाणी का नाहीत, याचं उत्तर भाषेत आहे. कँटनीजमध्ये सहा स्वराघात, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणारे सुरांचे चढउतार (जुन्या मोजणीने नऊ). बांधलेल्या चालीवर शब्द बसवताना प्रत्येक अक्षराचा चढउतार चालीशी जुळावा लागतो. चुकला तर ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येतो. चीनची राजभाषा मँडरिन, तिच्यात स्वराघात चार. चीनच्या बाजारासाठी मँडरिन आवाज चढवायचा असेल तर ऑपेराची पदं तशीच नेता येत नाहीत. त्यामुळे गाणं टाकून गोष्ट घेणं हा धंद्याच्या दृष्टीनं रास्तच निर्णय.

एक गोष्ट क्वचितच कुणाच्या ध्यानात येते. हाँगकाँगच्या ऑपेरात नायक बाईने रंगवायची भक्कम परंपरा आहे. 1950 च्या दशकात याम किम-फाई ही त्यातली सम्राज्ञी. (बालगंधर्वांच्या बरोबर उलटी बाजू.) असा नायक गुडघे टेकतो तेव्हा त्यात नजाकत असते, अपमान बोचत नाही. लुई कूसारखा उंचापुरा गडी मार खाताना दिसला की तीच मारहाण वेगळी वाटते. ती हलकी करायला मग व्यंगचित्री थाट येतो.

ऑपेरा पवित्र आणि सिनेमा भ्रष्ट, असं मात्र कुणी म्हणू नये. 1933 चा ‘व्हाइट गोल्डन ड्रॅगन’ हा सिनेमा नट सिट कोक-सिनच्या कँटनीज ऑपेरावरून आला, आणि तो ऑपेरा 1926 च्या एका अमेरिकन मूकपटावरून! उसनवारी दोन्ही बाजूंनी.

बघायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी तळ्याकाठचा क्वुनछ्यू प्रवेश. भाषा नाही कळली तरी बेडूक कळतात. मग सिनेमा, तोही कँटनीज आवाजात, कारण च्युंगचा चिडका सूर मँडरिनमध्ये बोथट होतो. 2012 चा दुसरा भाग सोडून दिलात तरी चालेल.