खुलासा : ‘५०० डिरेक्टरींत नोंद करा, साइट गूगलवर वर येईल’

असा मेसेज सध्या फिरतोय. डिरेक्टरी म्हणजे वेबसाइटींची यादी देणारी साइट; तिथे नोंद केली की आपल्या साइटला लिंक मिळते. हा दावा चुकीचा आहे. २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून (साइटींचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीतला बदल) गूगल अशा घाऊक लिंकांवर कारवाई करतं, आणि निकृष्ट डिरेक्टरींतल्या लिंका त्याच्या स्पॅम धोरणात नाव घेऊन नमूद आहेत. याहूची डिरेक्टरी २०१४ मध्ये बंद झाली, डीमॉझ २०१७ मध्ये. तरी ‘इथे नोंद करा’ सांगणाऱ्या जुन्या याद्यांत दोन्ही अजून दिसतात!

म्हणून नोंदी करूच नयेत, असं मात्र नाही. आपल्या व्यवसायाचे ग्राहक खरोखर जिथे शोधतात, अशा मोजक्या ठिकाणी जरूर करा. आधी नाव, पत्ता, फोन एका फाइलमध्ये लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तेच जसंच्या तसं चिकटवा. खरा घोळ होतो तो इथेच. एका नोंदीत जुना नंबर राहतो, ग्राहक तोच लावतो आणि फोन लागत नाही. वर्णन मात्र दर ठिकाणी नव्यानं लिहा. लॉगिन जपून ठेवा, नाहीतर पत्ता बदलल्यावर नोंद सुधारता येत नाही.

पैसे देऊन लिंक घेतली असेल, तर तिच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ (sponsored) किंवा ‘नोफॉलो’ (nofollow) ही गूगलसाठीची खूण हवीच.