छत्रीचा कोन आपण लावावा, खांब कारागिराने रोवावा

मे महिना सरत आला की बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घर शाकारण्याबरोबरच टीव्हीच्या छत्रीची डागडुजी हेही एक मोसमी काम होऊन बसते. शाकारणीसाठी आपण अनुभवी माणूस शोधतो, छत्रीसाठी मात्र एक तर कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन लावतो, नाही तर घरातल्या कॉलेजच्या पोराला पाना देऊन गच्चीवर पाठवतो. छत्री स्वतः बसवावी की डिशवाल्याला बोलवावे, हा वाद आमच्या गल्लीत दर वर्षी होतो, आणि दोन्ही बाजू छत्री बसवणे हे एकच काम आहे असे गृहीत धरून भांडतात. माझ्या मते ती दोन वेगळी कामे आहेत. छत्री उपग्रहाकडे रोखणे हे गणिताचे काम आहे आणि ते कोणत्याही समजदार माणसाला घरच्या घरी जमते. ती छत्री भिंतीवर किंवा खांबावर अशी घट्ट बसवणे की जुलैच्या वाऱ्यातही ती केसभर हलू नये, हे मात्र हात बसलेल्या कारागिराचे काम आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते: कोन लावायला तंत्रज्ञ हवा असे आपण मानतो, आणि स्टँड काय, कोणीही ठोकेल असे समजतो.

आधी गणित पाहू. दूरदर्शनची मोफत सेवा, म्हणजे डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली आणि आता डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाणारी सेवा, 93.5 अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-15 या उपग्रहावरून येते. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर आहे आणि पृथ्वीच्या फिरण्याशी त्याची गती जुळलेली असल्यामुळे तो आपल्याला आकाशात एकाच जागी स्थिर असतो. बेळगाव सुमारे 15.85 अंश उत्तर अक्षांशावर आणि 74.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यावरून हिशेब केला तर हा उपग्रह आपल्या आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे 128 अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे 61 अंश उंचीवर येतो. टाटा प्लेचा उपग्रह 83 अंशांवर असल्यामुळे तो दक्षिणेकडे अधिक सरकलेला आणि सुमारे 69 अंश उंच असतो. एअरटेलचा 108.2 अंशांवर, म्हणून पूर्वेकडे झुकलेला आणि जेमतेम 47 अंश उंचीवर. शेजारच्या आंब्याची किंवा माडाची अडचण एअरटेलवाल्यांनाच अधिक का होते, याचे उत्तर या उंचीत आहे.

झाड आड येते की नाही हे पाहण्याची एक युक्ती सांगतो, तिला पैसा लागत नाही. मार्चच्या मध्यावर आणि सप्टेंबरच्या अखेरीस, सकाळी अकराच्या सुमारास, बेळगावातून पाहता सूर्य फ्री डिशच्या उपग्रहाच्या जवळजवळ मागे येऊन उभा राहतो. त्या वेळी छत्रीच्या जागेवर स्वच्छ ऊन पडत असेल तर मार्ग मोकळा आहे असे समजावे. सावली पडत असेल तर ती कशाची आहे ते पाहावे आणि छत्रीची जागा बदलावी. त्याच दिवसांत काही मिनिटे चित्र बिघडते तेही याच सूर्यामुळे, त्यासाठी कोणालाही फोन करण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष छत्री लावताना नवख्या माणसाला दोन ठिकाणी अडखळायला होते. आपल्याकडच्या छोट्या छत्र्यांत एलएनबी, म्हणजे सिग्नल टिपणारा छोटा डबा, मधोमध नसून खालच्या बाजूने पुढे आलेल्या दांडीवर असतो, त्यामुळे छत्रीचे तोंड दिसते त्यापेक्षा तिची नजर वीस-पंचवीस अंश वर असते. 61 अंश म्हणून कोणी छत्री आकाशाकडे उताणी केली तर हाती काही लागत नाही. स्टँडच्या पट्टीवर कोरलेले आकडे हा फरक धरूनच दिलेले असतात, ते पाहून उंची ठेवावी आणि मग छत्री फक्त डावी-उजवीकडे अगदी सावकाश फिरवावी. दुसरी अडचण सेट-टॉप बॉक्स टीव्हीच्या पडद्यावर दाखवतो त्या सिग्नलच्या दोन पट्ट्यांची. स्ट्रेंग्थची पट्टी केबल आणि एलएनबी चालू आहे एवढेच सांगते आणि ती छत्री भलतीकडे असतानाही भरलेली दिसू शकते. आपल्याला हवी ती क्वालिटीची पट्टी. बाजारात मिळणारा स्वस्त सॅटफाइंडर, म्हणजे सिग्नल लागला की वाजणारे छोटे यंत्र, तर कोणत्याही उपग्रहावर शीळ घालतो, आणि 93.5 च्या शेजारी अवघ्या दीड अंशावर, 95 वर, डिश टीव्हीचा उपग्रह बसलेला आहे. म्हणून यंत्राच्या शिट्टीवर विश्वास न ठेवता चॅनेल प्रत्यक्ष दिसतात का हे पाहावे.

वर एक जण छत्री फिरवतो आहे आणि खाली टीव्हीसमोरून घरातले कोणी तरी “आलं, आलं... गेलं वो!” असे ओरडते आहे, हे दृश्य सीमाभागातल्या कोणत्याही गावाला नवीन नाही. ते ‘गेलं’ होते कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला काही सेकंद लागतात आणि तोवर वरच्याने छत्री पुढे नेलेली असते. बोटभर सरकवावे, थांबावे, पडद्याकडे पाहावे, मग पुन्हा सरकवावे. आता तर खालच्या माणसाने फोनवर व्हिडिओ कॉल करून पडदा दाखवला की ओरडण्याचीही गरज उरत नाही. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा पिळून क्वालिटी सर्वांत जास्त कुठे येते ते पाहावे, कारण फ्री डिशसाठी आपल्या गावातून हा पीळ जवळजवळ 49 अंशांचा निघतो आणि अनेक घरांत एलएनबी सरळच ठेवलेला असतो. एवढे करायला तंत्रज्ञ कशाला हवा?

आता दुसरे काम. उपग्रहाच्या लहरी केयू बँड या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यात येतात आणि त्यांना पाऊस शोषून घेतो, हे सर्वांना अनुभवाने ठाऊक आहे. परंतु छत्री अर्धा-एक अंश चुकलेली असली तरी कोरड्या दिवशी चित्र ठणठणीत दिसते, कारण सिग्नलमध्ये थोडी शिल्लक असते. ही शिल्लक पावसासाठी राखलेली असते, आणि छत्री हलली की ती आधीच खर्च होते. मग कणकुंबी, जांबोटीकडे ढग दाटून आले की टीव्ही बंद. लोक पावसाला दोष देतात, पण निम्म्या वेळा दोष खिळखिळ्या स्टँडचा असतो असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडचा पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि आग्नेयेकडे तोंड केलेल्या छत्रीच्या पाठीवर आणि कडेवर सतत आपटत राहतो. चार महिने असा मार खाल्ल्यावर ढिले बोल्ट जागेवर राहत नाहीत.

त्यातून आपली घरे. खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत जुन्या भिंती चिऱ्याच्या आहेत. चिरा ओला झाला की मऊ पडतो, त्यात छिद्रे असतात, आणि त्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू आवळला तर पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि श्रावणापर्यंत सुटतो. अशा भिंतीला लांब बोल्ट आरपार घालून आतून पट्टी लावावी लागते, किंवा सिमेंटने भरून बसवावे लागते. कोणत्या भिंतीला काय चालते हे जुना गवंडी किंवा अनुभवी डिशवाला भिंतीवर बोटाने वाजवून सांगतो. स्लॅबच्या घरात वेगळीच भीती: गच्चीच्या कोब्याला ड्रिलने भोक पाडले की तेथून पाणी मुरते आणि गळती दोन वर्षांनी खालच्या खोलीत दिसते. म्हणून मी गच्चीच्या जमिनीवर भोक पाडू देत नाही. कठड्याच्या आतल्या बाजूला किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवलेल्या खांबावरच छत्री बसवायला सांगतो. कौलारू घरावर तर स्वतः चढूच नये. शेवाळलेल्या कौलांवरून घसरणे आणि घराजवळून गेलेल्या हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) तारेला लोखंडी पाईप लागणे, ही दोन्ही संकटे पाचशे-हजार रुपये वाचवण्याच्या मोलाची नाहीत. वळवाच्या विजा चमकू लागल्या की बॉक्सचा प्लग काढतो तसा छत्रीकडून येणारा केबलचा जोडही काढावा, हे मात्र प्रत्येक घराने स्वतःच करायचे आहे.

जोडाबद्दल थोडे अधिक. केबल सोलताना बाहेरच्या जाळीचा एक केसाएवढा तंतू जरी मधल्या तांब्याच्या तारेला टेकला, तरी बॉक्समधून एलएनबीकडे जाणारा 13 किंवा 18 व्होल्टचा पुरवठा शॉर्ट होतो आणि सगळे बरोबर असूनही पडदा काळा राहतो. म्हणून जाळी मागे दुमडून, तंतू नखाने तपासून मगच केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर फिरवावा, आणि हे करताना बॉक्स बंद असावा. एलएनबीपाशी जोडावर रबरी टेप गुंडाळावी आणि केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत कनेक्टरमध्ये न शिरता झोळाच्या तळाशी गळून जाते.

मग कारागीर बोलावूनही काम कच्चे का होते? कारण त्याला मिळणारा मोबदला कामांच्या संख्येवर ठरतो, टिकाऊपणावर नाही. आमच्याकडे आलेल्या एका तरुणाने स्टँडला चार भोके असताना दोनच गिट्ट्या मारल्या. “अण्णा, आणखी दोन मारा की,” असे म्हटल्यावर तो हसून म्हणाला, “काका, अजून उचगावला जायचंय, तिथून कडोलीला.” त्याचे चुकले असे मला वाटत नाही, दिवसाला जितकी घरे तितके पैसे, असा त्याचा धंदा लावून दिलेला आहे. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या 2017 च्या नियमांत बसवण्याचा आकार 350 रुपयांपेक्षा आणि चालू करण्याचा 100 रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही अशी मर्यादा होती. जुलै 2024 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि दर कंपन्यांवर सोडले, मात्र ते जाहीर करण्याचे बंधन ठेवले. दर वाढले तर मी कुरकुरणार नाही, वाढीव पैसा त्या तरुणाच्या हातात आणि उरलेल्या दोन गिट्ट्यांत गेला तर.

सीमाभागात बसवणारा माणूस आणखी एक गोष्ट सहज ठरवून जातो, ती म्हणजे पॅक. पत्ता कर्नाटकातला दिसला की पहिला पॅक कन्नड वाहिन्यांचा लागतो आणि आजीला मालिका दिसत नाही म्हणून संध्याकाळी घरात बोलणी सुरू होतात. आमच्यासारख्या घरांना दोन्ही भाषा लागतात: मुलांना शाळेमुळे कन्नड, आजीला मराठी. 1 फेब्रुवारी 2019 पासून वाहिन्या एकेक करून निवडण्याची मुभा ग्राहकाला आहे, तेव्हा तंत्रज्ञ दारात असतानाच आपली यादी त्याच्यापुढे ठेवावी. दूरदर्शनपुरते बोलायचे तर मराठी सह्याद्री आणि कन्नड चंदना या दोन्ही वाहिन्या फ्री डिशवर मासिक शुल्काशिवाय मिळतात.

काम संपल्यावर तंत्रज्ञ ओटीपी मागतो आणि तो दिला की कंपनीच्या लेखी काम पूर्ण होते. तो देण्याआधी गच्चीवर जाऊन स्टँड दोन्ही हातांनी धरून जोरात हलवावा, बोल्ट मोजावेत, केबलला झोळ आहे का ते पाहावे. कोन थोडा इकडे-तिकडे असेल तर राहू द्या, तो रविवारी आपण लावू.