केअरटेकरला दारात अडवून साथ अडत नाही

साथीची बातमी आली की एक मेसेज हटकून फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: 'घरातलं वृद्ध किंवा आजारी माणूस बाहेर जात नाही, म्हणजे आजार येतो तो केअरटेकरकडूनच. जमलं तर तिचं येणं बंद करा. नाही जमलं तर दारात ताप बघा, अंगावर सॅनिटायझर फवारा, ग्लोव्हज आणि मास्क घालायला लावा. मग निर्धास्त राहा.' सल्ला ऐकायला सोपा आहे आणि तो जवळजवळ प्रत्येक पायरीवर घसरतो.

पहिलं गृहीतक, आजार तीच आणते. रुग्ण बाहेर जात नसेल, पण घरातले बाकीचे कामावर जातात, मुलं शाळेत जातात. केअरटेकर निदान हात धुऊन, मास्क लावून खोलीत शिरते. घरचा मुलगा बाहेरून येतो तो थेट आईच्या पलंगावर टेकतो. आणि उलट दिशेचं काय? रात्रभर कोणीतरी खोकत होतं, हे तिला न सांगताच सकाळी कामाला लावणारी घरं असतात. म्हणून येण्याआधीच्या फोनवर दोघांनीही एकमेकांना विचारायला हवं: ताप, खोकला, घसादुखी, जुलाब, आजारी माणसाशी संपर्क. फक्त तिची उलटतपासणी घेऊन निम्मीच माहिती हाती येते.

दारातल्या थर्मामीटरवर लोकांचा फार भरवसा असतो. कोविडमध्ये लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना बाधित करू शकत होता. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका शुश्रूषागृहातल्या रहिवाशांची सरसकट चाचणी केली, तेव्हा ४८ जण बाधित निघाले. त्यातल्या २७ जणांना चाचणीच्या वेळी लक्षणं नव्हती; त्यांपैकी २४ जणांना ती नंतर दिसली. शिवाय पॅरासिटामॉल घेतलं की ताप लपतो, आणि वृद्धांना संसर्ग होऊनही पुष्कळदा ताप येतच नाही. त्यांच्यात सुरुवात वेगळीच दिसते: अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, जेवणावरून मन उडणं, सुस्ती, तोल जाऊन पडणं. हे सगळ्यांत आधी कोणाच्या लक्षात येतं? रोज तोंड धुऊन देणाऱ्या, भरवणाऱ्या केअरटेकरच्या. मेसेज तिला फक्त तपासायला सांगतो. तिचं ऐकायला सांगत नाही.

अंगावर फवारणी नकोच. जागतिक आरोग्य संघटनेनेही माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं बजावलं होतं: डोळे आणि त्वचा चुरचुरते, श्वासातून पसरणारा विषाणू मात्र तसाच राहतो. फरशी पुसताना ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरचं ॲसिड मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बस, याहून जास्त लिहिण्यासारखं इथे काही नाही.

ग्लोव्हजची गोष्ट अधिक घातक आहे, कारण ते घातल्यावर हात स्वच्छ असल्याचा भास होतो. त्याच ग्लोव्हजने डायपर बदलायचं, मग दाराची मूठ धरायची, मग औषधाची पट्टी उघडायची, असं झालं तर उघडा हात परवडला. तो निदान धुतला तरी जातो. लघवी, विष्ठा, रक्त, जखम यांच्याशी संबंध येणार असेल तिथे ग्लोव्हज लागतातच. पण एका कामाला एक जोडी, काढल्यावर हात धुणं, आणि दुसऱ्या कामाला नवी जोडी. उलट्या-जुलाबांची साथ असेल तर साबण-पाणीच वापरावं. नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर अल्कोहोलचा सॅनिटायझर नीट चालत नाही.

मास्क फक्त तिला? मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या एका सलूनमध्ये दोन कारागिरांना कोविडची लक्षणं असताना त्यांनी १३९ ग्राहकांची कामं केली. मास्क दोन्ही बाजूंनी होते. एकाही ग्राहकात लक्षणं आढळली नाहीत, आणि ज्या ६७ जणांची चाचणी झाली ते सगळे निगेटिव्ह निघाले. एका घटनेवरून सगळं सिद्ध होत नाही, हे खरं. तरीही जवळून करायच्या कामात दोघांनी मास्क लावण्याला अर्थ आहे. रुग्णाला दम लागत असेल, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असेल किंवा मास्क स्वतःहून काढता येत नसेल, तर त्याच्यावर सक्ती करू नये. तेव्हा केअरटेकरला चेहऱ्यावर घट्ट बसणारा, व्हॉल्व्ह नसलेला एन-९५ द्यावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि घरच्यांनी त्या वेळेत खोलीत गर्दी करू नये. एक गोष्ट सगळेच विसरतात: तिलाही पाणी प्यायचं असतं, जेवायचं असतं. मास्क उतरतो तो तेव्हाच. त्यासाठी तिला खेळत्या हवेची वेगळी जागा हवी.

आता मुख्य सल्ला, तिचं येणं बंद करा. खरेदी किंवा साफसफाई पुढे ढकलता येते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणं, इन्सुलिन, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं) या गोष्टी थांबत नाहीत. पाठीला जखमा व्हायला आठवडे लागत नाहीत. उचलण्याची पद्धत माहीत नसलेला घरचा माणूस रुग्णालाही पाडतो आणि स्वतःची कंबरही धरून बसतो. गरज असते ती येणाऱ्यांची संख्या कमी ठेवण्याची: रोज नवा चेहरा नको, शक्यतो एकच केअरटेकर, आणि तिची घरंही कमीत कमी.

याला पैसे लागतात, आणि मेसेज नेमका इथे गप्प बसतो. २०२० मध्ये वॉशिंग्टनच्याच किर्कलंडमधल्या शुश्रूषागृहात साथ पसरली, तेव्हा लक्षणं असताना कामावर येणं आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी काम करणं या दोन गोष्टी पसरण्याला हातभार लावणाऱ्या ठरल्या. आजारपणाची सुटी म्हणजे बुडालेला पगार असेल, तर दारातल्या प्रश्नाला उत्तर 'मी ठीक आहे' हेच येणार. माझ्या मते घरातला सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे आधीच दिलेला शब्द: बरं नसेल तर येऊ नका, पगार कापणार नाही. मास्क-ग्लोव्हजचा खर्चही तिच्या माथी नको. संस्थेमार्फत माणूस येत असेल, तर हे संस्थेकडून लेखी घ्यावं.

ती आजारी पडली तर बदली कोण, हेही त्याच दिवशी ठरवावं. औषधांच्या वेळा, उचलण्याची पद्धत, गिळण्याचा त्रास आणि डॉक्टरांचा नंबर हे सगळं एका कागदावर लिहून पलंगाजवळ लावावं. नेब्युलायझरच्या फवाऱ्याबरोबर विषाणू खोलीत पसरण्याची शंका असते, म्हणून त्याऐवजी स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) लावून इन्हेलर चालेल का, हे साथ घरात शिरण्याआधीच डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर टिपावं.