दिवाळीत बोगनवेल बुंध्याशी तोडू नका

सध्या फिरणारा निरोप असा: दिवाळीला बोगनवेल बुंध्यापासून फूटभर ठेवून तोडा, कापांवर हळद लावा, मूठभर युरिया घाला, रोज पाणी द्या, पंधरा दिवसांत झाड फुलांनी झाकून जाईल. कुंडीतल्या वेलीवर हे सगळं केलंत तर तो हंगाम हातचा गेला.

आधी वेळ. बोगनवेल नव्या फुटीवर फुलते, इतकं खरं. पण ती फूट पावसाळ्यात वाढून तयार झालेली असते, आणि रात्री मोठ्या होऊ लागल्या की तिच्याच शेंड्यांना रंग येतो. दिवाळीत तोडले जातात ते नेमके हेच शेंडे. पंधरा दिवसांत फार तर डोळे (फांदीवरचे कोंब) फुटतात. रंग यायला दीड-दोन महिने लागतात.

मोठी छाटणी बहर ओसरल्यावर, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला करा. वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या जिथून फुटल्या तिथूनच काढा. बाकीच्यांचा तिसरा हिस्सा कमी करा. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरपा. बुंध्यातून सरळ उसळणारे पाणसोट, म्हणजे लांब जोमदार कोंब, काढाच. थिम्मासारख्या चितकबऱ्या पानांच्या जातीत निव्वळ हिरवी फांदी दिसली की तीही काढा, नाहीतर सगळं झाड हिरवं होतं. नवी फूट वीतभर झाली की शेंडा खुडा, म्हणजे तिला फाटे फुटतात. सप्टेंबरनंतर कात्री बंद.

युरिया आणि रोजचं पाणी हा जास्त घातक भाग. पानाच्या बेचक्यात नीट पाहा: काटा येतो तिथूनच फुलोराही येतो. काटा म्हणजे फुलोऱ्याचंच बदललेलं रूप. नत्र आणि पाणी भरपूर मिळालं की वेल पानं आणि काटेच वाढवते. बहराच्या दिवसांत वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी द्या. ऊन सहा तास तरी हवंच.

हळदीची गरज नाही. पेन्सिलीएवढे काप आपोआप सुकतात. अंगठ्याएवढ्या कापांना बोर्डो मलम (बुरशीनाशक लेप) लावा: मोरचूद 100 ग्रॅम, कळीचा चुना 100 ग्रॅम, पाणी एकूण 1 लिटर. दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे कालवून मगच एकत्र करा; लोखंडी भांडं मोरचुदाने खराब होतं.

आणि हातमोजे चामड्याचे घाला. कापडी मोज्यातून काटा आरपार जातो.