ऋण चल दिसला की चिन्ह उलटवायचे?

परदेशी पदव्युत्तर प्रवेशाची जीआरई आणि एमबीए प्रवेशाची कॅट या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणारे जे विद्यार्थी माझ्याकडे गणिताच्या शंका घेऊन येतात, त्यांच्यापैकी तिघांनी तो मला वेगवेगळ्या दिवशी दाखवला, आणि तिघांच्याही सरावाच्या उत्तरांत एकाच जातीची चूक होती. चल असलेल्या दोन अपूर्णांकांपैकी मोठा कोणता, हे झटपट ठरवण्याची युक्ती म्हणून त्या संदेशात चार गोष्टी सांगितल्या आहेत. तिरकस गुणाकार करावा आणि चल ऋण असेल तर लहान-मोठेपणाचे चिन्ह उलटवावे, ही पहिली. अंश समान असताना मोठ्या छेदाचा अपूर्णांक लहान असतो आणि चल ऋण असेल तर मात्र मोठा असतो, ही दुसरी. शंका आल्यास −१ आणि −२ या किमती घालून पाहाव्यात व दोन्ही वेळा एकच उत्तर आले तर ते पक्के समजावे, ही तिसरी. आणि एवढे करूनही जमले नाही तर ‘ठरवता येत नाही’ हा पर्याय निवडावा, कारण ऋण चलाच्या प्रश्नांचे उत्तर बहुधा तेच असते, ही चौथी.

पहिला दावा सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण तो अर्धा खरा आहे. ऋण संख्येने दोन्ही बाजूंना गुणले की लहान-मोठेपणाचे चिन्ह उलटते, हे निर्विवाद आहे. परंतु तिरकस गुणाकारात आपण नेमके कशाने गुणतो, हा प्रश्न संदेश लिहिणाऱ्याने स्वतःला विचारलेलाच दिसत नाही. अ/ब आणि क/ड यांच्याऐवजी अ×ड आणि क×ब यांची तुलना करताना आपण दोन्ही अपूर्णांकांना ब×ड या छेदांच्या गुणाकाराने गुणलेले असते. म्हणून चिन्ह उलटवायचे की नाही, हे चल ऋण आहे का यावरून ठरत नाही. ते ब×ड हा गुणाकार ऋण आहे का, यावरून ठरते. दोन्ही छेद ऋण असतील तर त्यांचा गुणाकार धन येतो. दोन ऋणांचा गुणाकार धन होतो, हा नियम ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात सांगून ठेवलेला आहे, तेव्हा त्यात नवीन काही नाही.

उदाहरण घेऊ. क्ष < य < ० एवढेच दिले आहे आणि क्ष/य व य/क्ष यांपैकी मोठा कोणता असे विचारले आहे. तिरकस गुणाकाराने क्ष² आणि य² मिळतात. क्ष हा शून्यापासून अधिक दूर असल्यामुळे क्ष² मोठा आहे. संदेशाप्रमाणे चल ऋण आहेत म्हणून चिन्ह उलटवले तर य/क्ष मोठा ठरतो. आता क्ष = −४ आणि य = −२ घालून पाहावे: क्ष/य = २, तर य/क्ष = १/२. संदेशाचे उत्तर उलटे आले, कारण येथे आपण क्ष×य ने गुणले होते आणि तो गुणाकार धन आहे. जे विद्यार्थी ऋण चल दिसताच डोळे मिटून चिन्ह फिरवतात, ते नेमके अशाच प्रश्नांत अडकतात, आणि गंमत अशी की संदेश वाचण्यापूर्वी त्यांच्यापैकी काहींनी हा प्रश्न बरोबर सोडवला असता.

आपल्याच सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात परिमेय संख्यांच्या तुलनेचा हा नियम देताना दोन्ही छेद धन असण्याची अट स्पष्ट घातलेली आहे. संदेशाने नियम घेतला, अट गाळली आणि तिच्या जागी स्वतःची एक पुस्ती जोडली.

दुसऱ्या दाव्याचा पूर्वार्ध शाळेत ठीक होता, कारण तेथे छेद आणि अंश दोन्ही धन असत. उत्तरार्ध मात्र सरळ चुकीचा आहे. क्ष ऋण असताना १/क्ष आणि १/(क्ष−१) यांची तुलना करू. दोन्ही छेद ऋण आहेत आणि त्यांपैकी क्ष हा मोठा आहे; संदेशाप्रमाणे १/क्ष मोठा यायला हवा. क्ष = −१ घेतले तर १/क्ष = −१ आणि १/(क्ष−१) = −१/२, म्हणजे मोठ्या छेदाचा अपूर्णांक येथेही लहानच राहिला. अंश समान व धन असेल आणि दोन्ही छेद शून्याच्या एकाच बाजूला असतील, तर जुना नियम जसाच्या तसा चालतो. तो मोडतो तो एक छेद शून्याच्या डावीकडे आणि दुसरा उजवीकडे असताना. क्ष ऋण आहे एवढेच सांगून १/क्ष आणि १/(क्ष+२) विचारले, तर क्ष = −१ असताना दुसरा अपूर्णांक मोठा येतो आणि क्ष = −३ असताना पहिला. अंशच ऋण असेल तर नियम उलटतो, पण त्याचे कारण अंशात आहे. येथे आणखी एक खड्डा आहे: −क्ष हे ‘उणे क्ष’ असे वाचले की अनेकांना ती राशी ऋण वाटते, वास्तविक क्ष ऋण असताना −क्ष धन असते.

तिसरा दावा मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण तो पडताळणीचे सोंग घेऊन येतो. क्ष < ० असताना २/क्ष आणि क्ष/३ यांची तुलना करावी. क्ष = −१ घातल्यास −२ आणि −१/३ मिळतात; दुसरा मोठा. क्ष = −२ घातल्यास −१ आणि −२/३ मिळतात; पुन्हा दुसरा मोठा. संदेशाप्रमाणे काम संपले. परंतु क्ष = −३ घेताच −२/३ आणि −१ मिळतात आणि पहिला मोठा ठरतो. पारडे कोठे फिरते हे पाहायचे असेल तर वजाबाकी करावी: २/क्ष − क्ष/३ = (६ − क्ष²)/३क्ष. छेद ऋण आहे, पण अंशाचे चिन्ह क्ष² हे ६ पेक्षा लहान की मोठे यावर अवलंबून आहे. म्हणजे क्ष = −√६, सुमारे −२.४५, येथे दोन्ही अपूर्णांक समान होतात आणि त्याच्या पलीकडे उत्तर बदलते. −१ आणि −२ हे दोन्ही बिंदू एकाच बाजूला पडले, एवढाच योगायोग होता.

किमती घालून पाहणे वाईट नाही, मीही ते शिकवतो. फक्त त्यातून काय सिद्ध होते हे माहीत हवे. दोन किमतींनी दोन वेगळी उत्तरे दिली तर संबंध ठरत नाही हे निश्चित झाले. दोन, दहा किंवा पन्नास किमतींनी एकच उत्तर दिले तरी त्यातून काहीही सिद्ध झालेले नसते. शिवाय जीआरईत चल पूर्णांक आहे असे सांगितले नसेल, तर तो कोणतीही वास्तव संख्या असू शकतो. म्हणून −१/२ सारखी किंमत आणि शून्यापासून बरीच दूरची एखादी किंमत तपासल्याशिवाय किमतींच्या खेळाला अर्थ नाही.

चौथ्या दाव्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. क्ष/य आणि य/क्ष यांचे वरचे उत्तर पूर्णपणे ठरते. क्ष ऋण असताना १/क्ष² आणि १/क्ष³ यांचेही ठरते, कारण एक धन आहे व दुसरा ऋण, आणि तेथे एकही गुणाकार लागत नाही. ‘ठरवता येत नाही’ हे गणिती विधान आहे आणि ते दाखवण्यासाठी परस्परविरोधी उत्तरे देणाऱ्या दोन किमती हाताशी असाव्या लागतात. स्वतःला जमले नाही म्हणून निवडण्याचा तो पर्याय नव्हे.

यावर विद्यार्थी वेळेचा मुद्दा काढतात. सप्टेंबर २०२३ पासूनच्या जीआरईत गणिताच्या २७ प्रश्नांना ४७ मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांपेक्षा किंचित कमी. तेवढ्यात छेदांची चिन्हे पाहून होतात. ती कळत नसतील तर वर केली तशी वजाबाकी करून एकच अपूर्णांक करावा. तेथे कशानेही गुणायचे नसल्यामुळे चिन्ह उलटवण्याचा प्रश्नच येत नाही. अंश आणि छेद यांची चिन्हे तेवढी वाचायची असतात.