सीबीआर ९.८

मागच्या रविवारी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. बी.एस्सी. होऊन तीन वर्षं झाली त्याला, कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात आहे. पगार त्याने सांगितला नाही, मीही विचारला नाही. माझ्यापेक्षा जास्त असणार हे दोघांनाही ठाऊक होतं. "मॅडम, लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात बोलणी खाल्ली," म्हणाला. "आकडा चुकला म्हणून सवयीने व्हाइटनर लावला, तर साहेब ती वहीच उचलून घेऊन गेले."

तिथे नियम असा की चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी नवा आकडा, सही, तारीख आणि का बदलला ते कारण. आधी चिठोऱ्यावर लिहून मग नीट उतरवून काढणं, तेही चालत नाही. जे दिसलं ते तिथल्या तिथे, पेनाने.

मी हसून "हो का" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसले. त्याला ही सवय लावली कोणी? कच्ची वही पेन्सिलने, पक्कं जर्नल शाईने, डाव्या कोऱ्या पानावर आकृती आणि ऑब्झर्वेशन टेबल, उजव्या पानावर प्रोसीजर, आणि खाडाखोड दिसली की "पान परत लिहून आण" म्हणून जर्नल तोंडावर परत करणारी बाई कोण? मीच.

तालुक्याच्या गावातल्या एका सीनियर कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवते. अकरा वर्षं झाली. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी. दरवर्षी नव्याने मुलाखत, नव्याने ऑर्डर, घेतलेल्या तासांचे पैसे, आणि प्रॅक्टिकलचा तास लेक्चरच्या तासापेक्षा स्वस्त. सेट, म्हणजे प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा, पास आहे, जागा निघायची वाट बघतेय. या विषयावर माझं इथे फेसबुकवर अनेकदा रडून झालंय, जुन्या मित्रमंडळींना पाठ असेल. आज ते गाणं नाही. आज स्वतःबद्दल लिहायचंय.

ज्यांनी बारावीनंतर केमिस्ट्रीला रामराम ठोकला त्यांच्यासाठी थोडं सांगते. एफ.वाय.ला पहिल्या दोन-तीन प्रयोगांतच टायट्रेशन येतं. पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक अॅसिड कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि वर ब्युरेटमधून, म्हणजे मिलीच्या खुणा असलेल्या उभ्या काचेच्या नळीतून, सोडियम हायड्रॉक्साइड सोडत जायचं. शेवटी थेंबाथेंबाने. फ्लास्क हलवत राहायचा. एका थेंबाला फिकट गुलाबी रंग येतो आणि टिकतो, तिथे थांबायचं. हा एंड पॉइंट. किती मिली लागलं ते रीडिंग. पहिलं ते पायलट रीडिंग, अंदाजापुरतं : ९ ते १०. मग तीन नीट रीडिंग घ्यायची. ती जुळली की शेवटच्या रकान्यात सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग.

९.८, ९.८, ९.८. सीबीआर ९.८.

अकरा वर्षांत अशी किती टेबलं तपासली याचा हिशोब नाही. तिन्ही रीडिंग सारखी नाहीत अशी किती होती ते मात्र सांगू शकते, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ज्याने आयुष्यात एकदा तरी ब्युरेटचा कॉक पिळलाय त्याला विचारा, हे शक्य आहे का? आमच्या निम्म्या ब्युरेटी गळतात, काहींची टोकं फुटलेली आहेत, काहींवरचे आकडे पुसलेत. पहिल्यांदाच ब्युरेट हातात धरलेल्या पोराचं ९.६ यावं, मग १०.१ यावं, मग ९.८ यावं, हे साहजिक आहे. पण मुलं एकदाच टायट्रेशन करतात आणि उरलेली रीडिंग "पाडतात". हा त्यांचा शब्द. "तुझं पाडून झालं का?" असं माझ्यासमोर एकमेकांना विचारतात, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. साडेचारची एसटी चुकली तर पुढची सहाची असते, हे मलाही माहीत आहे.

आता खरं सांगायचं ते. दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. लॅब असिस्टंट रिटायर झाल्यापासून ती जागा भरलेली नाही, त्यामुळे सोल्यूशन आमचे मामाच बनवतात. मामा म्हणजे लॅब अटेंडंट, कॉलेजात सगळ्यांचेच मामा. त्या दिवशी त्यांनी सोडियम हायड्रॉक्साइडच्या दोन बाटल्या केल्या होत्या, एक सकाळी आणि एक दुपारी बॅच यायच्या आधी घाईघाईत. दुसरी बाटली खिडकीकडच्या टेबलावर गेली. त्या टेबलावर आठ जण होते.

तासाभराने तिथली एक मुलगी वही घेऊन आली. "मॅडम, माझं ११.४ येतंय."

मी मान वर न करता म्हटलं, "एंड पॉइंट पुढे जातोय तुझा. हळू सोड." ती गेली, पुन्हा करून आली. या वेळी फ्लास्कच घेऊन आली दाखवायला. "मॅडम, तरी ११.४च."

तो फ्लास्क मला अजून दिसतो. एंड पॉइंट उलटून गेला की रंग भडक होतो, राणी कलर म्हणतो ना, तसा. तिच्या फ्लास्कमधला रंग जेमतेम होता. खाली पांढरी फरशी होती म्हणून कळला, इतका फिका. पाठ्यपुस्तकात छापावा असा एंड पॉइंट. म्हणजे तिचा हात चुकलेला नाही याचा पुरावा तिने माझ्यासमोर धरला होता, आणि एम.एस्सी. झालेली मी तिला म्हणाले, "अगं, सगळ्यांचं ९.८ आहे. शेजारणीचं बघ जरा. आणि आटप, एसटी आहे ना तुझी?"

दहा मिनिटांनी ती ९.८ घेऊन आली. मी सही केली.

संध्याकाळी आवराआवर करताना मामा म्हणाले, "मॅडम, हा पेलेटचा डबा बदलाया लागंल. समदा ओलसा झालाय." झाकण नीट लागलं नव्हतं. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी असं ओढतं की पावसाळ्यात उघडं राहिलं तर पेलेट, म्हणजे त्याच्या गोळ्या, एकमेकांना चिकटून त्यांचा गिच्च गोळा होतो. मग चार ग्रॅम तोललं तर त्यात हायड्रॉक्साइड कमी आणि बाकीचं पाणी. दुपारची बाटली त्याच डब्यातली होती. म्हणजे फिकी, कमी ताकदीची. फिकं द्रावण तेवढंच अॅसिड मारायला जास्त लागणार, रीडिंग वाढणार.

मी स्वतः ब्युरेट भरून बघितलं. ११.३. ११.४. ११.४.

मग गठ्ठ्यातून त्या टेबलावरची आठ जर्नलं काढली. आठही जणांनी त्याच बाटलीतून ब्युरेट भरलं होतं. आठही जणांचं अकराच्या पुढेच आलं असणार. सात जणांनी मला न विचारता ९.८ लिहिलं, आणि एकीने मी सांगितल्यावर लिहिलं.

रागावणार कोणावर? सात जण हुशार निघाले, त्यांना माझी परीक्षा माझ्यापेक्षा लवकर कळली होती.

आर्गॉन वायू शिकवताना मी दरवर्षी लॉर्ड रॅले या भौतिकशास्त्रज्ञाची गोष्ट रंगवून सांगते. हवेतून ऑक्सिजन काढून उरलेला नायट्रोजन त्याने तोलला, लिटरला १.२५७२ ग्रॅम. रासायनिक संयुगांपासून बनवलेला नायट्रोजन तोलला, १.२५०५ ग्रॅम. फरक जेमतेम अर्धा टक्का. आमच्या लॅबमध्ये अर्ध्या टक्क्याला कोणी फरक म्हणतच नाही. रॅलेने काय केलं? पुन्हा तोललं, पुन्हा तोललं, आणि १८९२ मध्ये 'नेचर'ला पत्र लिहून जाहीर विचारलं की माझे आकडे जुळत नाहीत, कोणी रसायनशास्त्रज्ञ कारण सुचवेल का. त्या तफावतीत आर्गॉन दडलेला होता. १८९४ मध्ये रॅले आणि रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झे यांनी तो जाहीर केला, १९०४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, एकाला फिजिक्सचं आणि एकाला केमिस्ट्रीचं. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, १७८५ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिश या इंग्लिश शास्त्रज्ञाने हवेतला नायट्रोजन संपवत आणला तेव्हा एक बारीकसा बुडबुडा काही केल्या संपेना. मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून जास्त नाही, एवढा. तो काय आहे हे कॅव्हेंडिशला कळलं नाही, पण त्याने लिहून ठेवला.

वर्गात हे सांगताना मुलं कान देऊन ऐकतात. मग जिना उतरून आम्ही लॅबमध्ये जातो आणि मी बुडबुडा खोडायला सांगते.

आता कोणी म्हणेल, मॅडम, सिस्टीमच तशी आहे. आहेच. मी ज्या ज्या परीक्षांना इंटर्नल म्हणून उभी राहिले, तिथे एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक, आल्या आल्या चहाच्या आधी विचारतात, "स्टँडर्ड रीडिंग काय?" मग त्या आकड्यापासून मुलगा किती लांब, त्यावर मार्क. ०.२ पर्यंत पूर्ण, पुढे कापत जायचे. मुलांना आदल्या बॅचकडून आकडा कळतो, आणि नाहीच कळला तर मामा आहेत. दिलेलं सॉल्ट ओळखायच्या परीक्षेला मामांचा भाव काय असतो ते लिहीत नाही, मामा फेसबुकवर आहेत. लॉकडाऊनच्या वर्षी तर आम्ही सगळं सोंगच टाकून दिलं. व्हिडिओची लिंक पाठवली आणि खाली ग्रुपवर रीडिंगही टाकलं. त्या वर्षीच्या सगळ्या वर्गाचा सीबीआर एकच आहे आणि ब्युरेट कोणीच पाहिलेलं नाही.

सोयी नाहीत हेही खरं. बॅचमध्ये सत्तावीस पोरं आणि धड चौदा ब्युरेटी. पण सोयींचं कारण मला आता पुढे करवत नाही. प्रत्येक टेबलाला वेगळ्या नॉर्मॅलिटीची, म्हणजे वेगळ्या ताकदीच्या द्रावणाची बाटली ठेवली तर शेजारचं बघून काही उपयोग होत नाही. त्याला जास्तीची ब्युरेट लागत नाही. लागतं ते एवढंच की कोणीतरी बॅचच्या दोन तास आधी येऊन सोल्यूशनं करावीत आणि स्टँडर्डाइझ करावीत, म्हणजे त्यांची नेमकी ताकद तपासून ठेवावी. ते दोन तास माझ्या बिलात बसत नाहीत. अकरा वर्षं मी ते केलं नाही त्याचं खरं कारण हे आहे, आणि ते लिहिताना लाज वाटतेय.

त्या फोनवाल्या पोराने अजून एक सांगितलं. त्यांच्या ट्रेनिंगमध्ये अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेची, वॉर्निंग लेटर्स वाचून दाखवतात. ती जाहीर असतात, कोणीही वाचावीत. भारतातल्या कितीतरी औषध कारखान्यांना अशी पत्रं आली आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच पत्रांत तक्रार एकच : टेस्ट फेल झाली की ती नोंद बाजूला सारायची, पुन्हा टेस्ट करायची, पास झालेली तेवढी दाखवायची. "मॅडम, हे आपलं पाडण्यासारखंच झालं की," असं म्हणून तो हसला. गोळी मात्र कोणाच्या तरी पोटात जाते.

यंदापासून मी सुरुवात केलीय. कच्ची वही बंद. रीडिंग थेट पेनाने, चुकलं तर एक रेघ आणि सही. तिन्ही रीडिंग एकसारखी आली तर मी समोर उभी राहून चौथं घ्यायला लावते. मार्क आकड्याला कमी आणि गणित बरोबर मांडलं त्याला जास्त. विभागप्रमुख सर म्हणाले, "मॅडम, कल्पना छान आहे, पण एक्स्टर्नलला ही असली जर्नलं दाखवायची?" सर वाईट नाहीत, त्यांना निकाल दाखवायचा असतो.

आणि पोरं माझी गुरू आहेत. तिसऱ्याच आठवड्यात एक टेबल तपासायला आलं : ९.७, ९.९, ९.८. मी खूश. पुढचं जर्नल : ९.७, ९.९, ९.८. त्याच्या पुढचं : ९.९, ९.७, ९.८. मॅडमना आता असलं आवडतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

ती मुलगी आता टी.वाय.ला आहे, केमिस्ट्रीच घेतलीय. व्हरांड्यात भेटली की "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणते, मीही म्हणते. त्या दिवशी तिचं बरोबर होतं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. दोनदा हाक मारली आणि दोन्ही वेळा हजेरीचं काहीतरी विचारून सोडून दिलं. तिचं एफ.वाय.चं जर्नल विभागाच्या कपाटात रद्दीच्या गठ्ठ्यात आहे. परवा काढून बघितलं. प्रयोग क्रमांक तीन, अक्षर सुरेख, खाडाखोड नाही, सीबीआर ९.८, आणि खाली हिरव्या शाईत माझी सही.