कोलॅजनच्या डब्याने घोड्याचं लंगडणं जात नाही

सारंगखेड्याची यात्रा जवळ आली की घोडेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरतो: ‘रोज दोन चमचे कोलॅजन चंदीत मिसळा. खूर मजबूत, सांधे तरुण, लंगडं घोडं महिन्यात दुडकी धरतं. नैसर्गिक आहे, अपाय नाही.’ शहादा, शिरपूर, चोपडा, सगळीकडे तो विश्वासाने पुढे जातो. मला त्याचा राग येतो, कारण त्याची किंमत मुकं जनावर मोजतं.

कोलॅजन म्हणजे कातडी, हाडं आणि सांधे यांतलं एक प्रथिन. आधी खुरांचं. खुराची भिंत केराटिनची (नखं-केसांतलं प्रथिन) असते, कोलॅजनची नाही. ती महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढते. वरून निघालेलं खूर पुढच्या टोकापर्यंत यायला ९ ते १२ महिने जातात. मग महिन्यात मजबूत कसं होईल? खुरांसाठी उपयोग दिसलाय तो बायोटिन या जीवनसत्त्वाचा, तोही कित्येक महिने दिल्यावर.

आता सांधे. खाल्लेलं कोलॅजन उचलून थेट सांध्यात बसत नाही. आतड्यात त्याची अमिनो आम्लं (प्रथिनांचे सुटे घटक) आणि छोटे पेप्टाइड (त्यांचे लहान तुकडे) होतात, ते कुठे वापरायचे हे शरीर ठरवतं. मूळ रचना न मोडलेल्या टाइप-दोन (सांध्याच्या कूर्चेतल्या) कोलॅजनचे घोड्यांवर छोटे अभ्यास झालेत आणि दुखणं थोडं कमी झाल्याचं त्यांत दिसतं. पण ते मिलिग्रॅममध्ये देतात. चमच्याने घालायच्या पावडरीला तो दाखला लागू होत नाही. शिवाय ५०० किलोच्या घोड्याला काम नसतानाही दिवसाला सुमारे ६३० ग्रॅम प्रथिनं आणि २७ ग्रॅम लायसिन हे अमिनो आम्ल लागतं. कोलॅजनमध्ये लायसिन कमी, ट्रिप्टोफॅन हे दुसरं गरजेचं अमिनो आम्ल तर नाहीच. नुसत्या कडब्या-भुश्यावरच्या घोड्याला लसूणघास आणि खनिज मिश्रण आधी द्या. तांबं या खनिजाशिवाय शरीराला स्वतःच्या कोलॅजनचे धागे नीट जोडता येत नाहीत.

‘महिन्यात दुडकी’ हा सगळ्यात घातक दावा. लंगडणं हा रोग नाही, लक्षण आहे. खुरात पू झालेला असेल, नाल ठोकताना खिळा आत गेला असेल, लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थरांची सूज) असेल किंवा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) फाटला असेल. टेंडनची सूज आणि दुखणं काही आठवड्यांत ओसरतं. घोडा चांगला चालतो, मालकाला वाटतं डब्याने काम केलं. प्रत्यक्षात जखमेवर आधी कच्चा, कमजोर धागा तयार होतो; तो पक्का व्हायला ९ ते १२ महिने लागतात. तोवर घोडा वरातीत डांबरी रस्त्यावर नाचवला की तोच टेंडन पुन्हा फाटतो.

म्हणून घोडा कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकीने पळवून बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर जाते, चांगला पाय टेकताना खाली येते. खूर हाताला गरम लागतं का, खुराच्या वर पायाच्या मागच्या बाजूची नाडी जोरात उडते का, तेही तपासा. यातलं काही दिसलं तर पशुवैद्य त्याच दिवशी हवा. खिळा रुतला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका; घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो.

राहिलं ‘नैसर्गिक’. ही पावडर जनावरांच्या किंवा माशांच्या कातडी-हाडांपासून बनते. ती विषारी नाही, हे मान्य. पण तिच्या भरवशावर महिना काढला तर खुरातला पू तोवर वाट बघत नाही. डब्याचे पैसे नालबंदाला द्या, दर ६ ते ८ आठवड्यांनी खूर कापून नाल नव्याने बसवून घ्या.